धाकटीचा कॅमेरा

माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला की ती आधी कॅमेऱ्याची तब्येत सांगते, मग आईबाबांची, आणि बोलणं उरलंच तर माझी विचारते. त्या दिवशी मात्र तिने सरळ माझ्यापासून सुरुवात केली. ताई जेवलीस का, उन्हाचा त्रास होत नाही ना, तुमच्या अष्टमी गावात लाइट जाते का. मी म्हटलं, कॅमेऱ्याला काय झालं ते सांग.

कॅमेरा बंद पडला होता. कोलाडजवळच्या एका गावात हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. बँजो असतो, मांडवभर नाच असतो, आणि नवरदेवाला लावून उरलेली हळद पाण्यात कालवून दिसेल त्याच्या अंगावर ओततात. फोटोवाली त्यातून कशी सुटणार? "थोडं पाणी उडालं," एवढंच ती म्हणाली. पडद्यावर एरर येत होती, डोळा लावला तर आत काळोख, आणि लग्नाचा हंगाम ऐन भरात होता.

मी कॅमेरे दुरुस्त करते. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी, आणि अष्टमीत आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे माझं दुकान. कोलाड, नागोठणे, तळा, कुठकुठले फोटोग्राफर येतात. त्यातल्या निम्म्यांच्या कॅमेऱ्याला काही झालेलं नसतं, त्यांनाच झालेलं असतं. फोकस होत नाही म्हणून एक जण नागोठण्याहून तणतणत आला होता. लेन्सवरचं बटण त्याच्याच बोटाने ऑटोवरून मॅन्युअलवर सरकलं होतं. मी ते परत सरकवलं आणि त्याला चहा दिला. कार्डावर फोटो उतरत नाहीत म्हणून येतात, तर कार्डाच्या कडेचं लॉक खाली आलेलं असतं. बॅटरी टिकत नाही म्हणून येतात, तर तिच्या पट्ट्यांवर मळ साचलेला असतो, आणि तो शाळेतल्या खोडरबराने जातो. खरी दुखणी वेगळी. खाडीच्या हवेत लेन्सला बुरशी धरते, आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे धागे पसरतात. शटरचा पडदा अडखळायला लागला की फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. सेन्सरवर धूळ बसली की प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच डाग, मग तो आकाशात येवो की नवरीच्या गालावर. ही कामं मी मान मोडून करते आणि चांगली करते. त्याबद्दल कुणी मला विनयशील म्हणावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

हे सगळं मी बाबांकडून शिकले. त्यांचा पेणला स्टुडिओ आहे, रोल धुण्याच्या काळापासूनचा. आम्ही दोघी तिथेच वाढलो. मी स्टुलावर बसून सुटे स्क्रू बशीत मांडायची आणि कुठला कुठून निघाला ते विसरायची नाही. धाकटी दिसेल त्याला कॅमेरा लावायची. एके दिवशी बाबांनी आल्यागेल्यासमोर निकाल देऊन टाकला, की थोरलीच्या हाताला शिस्त आहे आणि धाकटीला नजर आहे. झालं. तेव्हापासून माझ्या हाती स्क्रूड्रायव्हर आला आणि तिच्या हाती कॅमेरा. मी फोटो काढत नव्हते असं नाही. काढायची, बाबांना दाखवायची. ते बघून म्हणायचे, "शार्प आलाय." त्याच्यापुढे कधी काही नाही. धाकटीचा हललेला, तिरका, कुणाचं अर्धं डोकं कापलेला फोटो मात्र दारापाशी उजेडात नेऊन बघत बसायचे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण तेही खोटं. तिचं त्याच घरात पिकायचं आणि त्याच घरात विकलंही जायचं.

स्टुडिओच्या दर्शनी काचेत एकच मोठा फोटो असतो. उन्हाळ्यात मुंबईकर गणपतीच्या मूर्ती नोंदवायला पेणला यायला लागले की बाबा जुना उतरवतात आणि नवा लावतात. मग वर्षभर तोच. आधी स्वतःचे लावायचे, मग धाकटीचे लावायला लागले. कधी मूर्तीचे डोळे रेखणारी बाई, कधी मिठागरात कमरेवर हात देऊन उभा राहिलेला म्हातारा. लोक रस्त्यात थांबून बघतात. मी लग्न होऊन इकडे आले आणि तिला सासर पेणमध्येच मिळालं, स्टुडिओपासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे काच तिचीच झाली. मला त्या काचेत एकदा, एका वर्षापुरता, माझा फोटो हवा होता. केस पिकले तरी हवा होता. हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कॅमेरा घेऊन आली. पुलावर तिला ओळखीचे लोक भेटले म्हणे, त्यांनी मॅडम, मॅडम करून थांबवलं. माझ्या अष्टमीत माझ्या बहिणीला मॅडम म्हणतात आणि मला कॅमेरेवाली काकू. ती हसून सांगत होती, मी हसून ऐकत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. तिची ओढणी अशी पडलेली असते की वाटावं, आत्ताच कुणीतरी नीट करून दिली. माझ्या कपड्यांना कायम स्पिरिटचा वास. माझ्या सासूबाई तिला म्हणाल्या, "तुझा तो मूर्तीवालीचा फोटू मोबाईलवर बघितला गो, काय झाक आलाय." सासूबाई माझ्या, आणि माझं काम बघायला त्यांनी कधी चष्मासुद्धा शोधलेला नाही.

निघताना धाकटी दारात म्हणाली, तू नसतीस तर माझं कसं झालं असतं ताई. हे ती दरवेळी म्हणते आणि मनापासून म्हणते. मला मात्र दरवेळी आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांची आठवण होते.

बंद कॅमेरा मी सोप्याकडून अवघडाकडे तपासते. आधी दुसरी बॅटरी घालून बघायची, मग दुसरं कार्ड, मग दुसरी लेन्स. निम्म्या वेळा तिथेच भागतं. इथे भागलं नाही. लेन्स काढली तर आतला आरसा वरच अडकून बसलेला. म्हणून डोळा लावला की काळोख दिसत होता. आणि लेन्स बसते त्या कड्यावर, आरशाच्या बिजागरीत, बटणांच्या फटीत, सगळीकडे तांबूस पुटं चढली होती.

हळदीचा डाग पिवळा असतो. हा विटकरी होता. गंज म्हणावा तर तो इतक्या लवकर चढत नाही, आणि प्लास्टिकवर तर चढतच नाही. हळदीत चुना पडला की ती लाल होते हे आम्हा बायकांना ठाऊक असतं, म्हणून मला वाटलं कुणा तंबाखूवाल्याने चुन्याच्या हाताने धरला असेल. फोन करून विचारलं तर धाकटी म्हणाली, माझ्या कॅमेऱ्याला मी कुणाला हात लावू देत नाही. ते मात्र खरं. मलासुद्धा तो बिघडल्यावरच मिळतो.

नवरा केमिकल कंपनीत आहे. शिफ्ट संपवून तो घरी आला, माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, याला बोरिक कुठून लागलं? त्यांच्याकडे बोरिक ओळखायला हळदीचा कागद वापरतात, तो सुकला की असाच तांबडा होतो. मी टॉर्च मारून पुन्हा बघितलं. कोपऱ्यांत पांढरी भुकटी होती, आणि एका फटीत तांदळाची कणी अडकलेली.

मी पेणला आईला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, घरच्या तांदळाला किडा लागू नये म्हणून यंदा काय चोळलंय? आई म्हणाली, दरसाल चोळते तीच बोरिक पावडर. मग मी का विचारतेय ते तिच्या लक्षात आलं.

"तिला बोलू नको गो," ती म्हणाली. "मीच ठेवला पिंपात. मोबाईल भिजला की तांदळातच ठेवतात ना?"

ठेवतात. पण आमच्या घरचा तांदूळ आमच्या शेतातला, वर्षभर पुरवायचा म्हणून बोरिक चोळून पिंपात भरलेला. ओल्या हळदीवर ती भुकटी आणि तांदळाचा कोंडा बसून त्याचा चांगला लेप तयार झाला होता. हे असलं औषध फक्त आमच्याच घरात होऊ शकतं. शिवाय बॅटरी आतच होती. भिजलेल्या कॅमेऱ्यातून सगळ्यात आधी बॅटरी काढायची, हे मी धाकटीला सांगून सांगून थकले आहे. पण खरा राग मला आला तो आईच्या शब्दांचा. तिला बोलू नको. थोरलीला बोलू नको असं आई कधी धाकटीला म्हणाली असेल का? नसेलच. थोरली बिघडत नाही ना.

मनात आलं, सांगून टाकावं की गेला कॅमेरा, आतला बोर्ड जळला. कुणाला कळणार होतं? घडीभर ते वाक्य मी तोंडात घोळवलं आणि ते मला गोड लागलं. पण बिघडलेली वस्तू समोर असली की माझे हात माझंही ऐकत नाहीत. मी वरचं झाकण उतरवलं. फ्लॅशचा कपॅसिटर आधी रिकामा करावा लागतो, नाहीतर बॅटरी काढलेला कॅमेराही असा झटका देतो की दातावर दात आपटतात. तो केला. मऊ ब्रशने कोंडा झाडला. मग काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, स्पिरिटने भिजवून भिजवून लेप सोडवला. घाई केली तर तो आणखी आत जातो. आरशाच्या काचेला बोट लावायचं नसतं, त्याचा मुलामा निघतो, म्हणून फक्त बिजागरी साफ केली. कॅमेरा आणि लेन्स एकमेकांना जोडणारे सोनेरी ठिपके असतात, त्यांच्यावर पुटं चढल्याने दोघांमधला निरोप पोचत नव्हता. ते पुसले. सेन्सरवर तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. रबरी पंपाने हवा मारली आणि उरलेली भुकटी ओल्या पट्टीने एकाच दिशेने पुसून घेतली.

शेवटी आरसा खाली आला. बटण दाबलं तसा खटकन वर गेला आणि परत जागेवर बसला. या आवाजाने मला जो आनंद होतो तो कुठल्याच फोटोने होत नाही, असं मी लोकांना सांगते. ते खरं नाही.

दुरुस्तीनंतर टेस्टचे फोटो काढायचे असतात. एक पांढऱ्या चादरीचा, लेन्सचं छिद्र बारीक करून, म्हणजे सेन्सरवर डाग राहिला असेल तर दिसतो. एक तिरप्या वर्तमानपत्राचा, म्हणजे फोकस पुढे पडतोय की मागे ते कळतं. आणि एक भराभर हलणाऱ्या वस्तूचा, शटरचा वेग सगळ्यात जास्त ठेवून. पडदा अडखळत असेल तर काळा पट्टा लगेच पकडला जातो. एरवी मी छताच्या पंख्याचाच काढते.

त्या दिवशी मागच्या पडवीत सासूबाई वाल पाखडत होत्या. धूळ जाऊ नये म्हणून नाकातोंडावरून पदर गुंडाळलेला, फक्त डोळे आणि कपाळ उघडं. ऊन कौलांवरून उतरून सुपापर्यंत आलं होतं. मी दारातून एक काढला. पट्टा नव्हता, पडदा ठणठणीत होता. टेस्ट तिथेच संपली. मी मात्र पडवीत खाली बसले. ऊन जरा सरकू दिलं. सूप वर जाताना, वाल खाली येताना, त्यांनी मान वळवली की, असं करत काढत राहिले. सासूबाईंनी विचारलं, "अजून बिघाड हाय का?" मी म्हटलं, "हाय थोडा."

मग एक आला. वाल हवेत थांबलेले, फोलाची धूळ उन्हात सोन्यासारखी, आणि त्यामागे त्यांचे मिटलेले डोळे. एवढी वर्षं जिच्याशी मी मिठावरून भांडते ती बाई अशी दिसते, हे मला माहीत नव्हतं. तो फोटो मी मोठा करून बघितला, लहान करून बघितला. माझे बाकीचे पुसून टाकले. टेस्टचे फोटो मी गिऱ्हाइकाच्या कार्डावर कधी ठेवत नाही. या वेळी चादर ठेवली, वर्तमानपत्र ठेवलं आणि त्यांच्या पाठोपाठ तो ठेवला. कशासाठी ठेवला ते मला पक्कं ठाऊक होतं. मुंबईकरांची पेणला ये-जा सुरू झाली होती आणि बाबांनी काचेतला फोटो अजून बदलला नव्हता.

कॅमेरा पोचवायला मीच गेले. एस.टी.त तो मांडीवर घेऊन बसले. नागोठण्याला गाडी थांबली तेव्हा पिशवी उघडून फोटो पुन्हा बघितला. चांगलाच होता. शेजारच्या बाईला दाखवावा असंही वाटलं, पण नाही दाखवला.

स्टुडिओत बाबा होते आणि धाकटी कॉम्प्युटरवर बसली होती. काचेसाठी फोटो निवडणं चाललं होतं. कॅमेरा बघून ती लहान पोरीसारखी आनंदली. बाबांनी मला बसायला सांगितलं, वाटेत ऊन लागलं का विचारलं. मग धाकटीने कार्ड लावलं, कारण ते घाईत कॅमेऱ्यातच राहून गेल्याने त्यावर हळदीचे फोटो अडकून पडले होते आणि तिनेही ते मोठ्या पडद्यावर बघितले नव्हते.

तिचा त्या हळदीतला शेवटचा फोटो पडद्यावर आला. पिवळ्या पाण्याची अख्खी लाट समोरून कॅमेऱ्यावर येत होती, आणि त्या लाटेतून नवरदेवाच्या बापाचा चेहरा दिसत होता, हसणारा आणि रडणारा, दोन्ही. कॅमेरा भिजणार हे तिला त्या घटकेला कळलं असणारच. तरी तिने बटण दाबलं होतं. मी दाबलं नसतं. मी आधी कॅमेरा पदराखाली घेतला असता. माझा जळफळाट झाला, आणि तो फोटो वाईट असता तर किती बरं झालं असतं असं वाटलं. बाबा समाधानाने हुंकारले.

मग चादर आली, मग वर्तमानपत्र. धाकटी ते भराभर पुढे सरकवत होती. पुढचा फोटो आला तसे बाबा म्हणाले, "थांब."

खुर्ची ओढून ते पडद्याजवळ गेले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. विहीणबाईंना त्यांनी ओळखलं नव्हतं, पदर बांधलेल्या तोंडावरून कोण ओळखणार? मग धाकटीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हा लाव यंदा. ही नजर शिकवून येत नाय."

माझे कान तापले. एवढी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं होतं आणि हात तिच्या पाठीवर होता. धाकटीने फोटोकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. आमची पडवी ती ओळखते. ती गप्प राहील असं मला वाटलं. गप्प राहावी अशी माझी इच्छासुद्धा होती, म्हणजे मला तिचा मनसोक्त राग करता आला असता. पण ती म्हणाली, "बाबा, हा माझा नाय. ताईने काढलाय, टेस्टला."

बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांनी टेबलावरचा कॅमेरा उचलला, कानाजवळ धरला, बटण दाबलं, परत दाबलं.

"व्हय?" ते म्हणाले. "मग कॅमेरा एकदम बेस झालाय गो."

आणि त्यांनी धाकटीला मागे जायला सांगितलं, तो हळदीचा परत दाखव म्हणून.

काचेत हळदीचा फोटो लागला. मला एस.टी. स्टँडवर सोडायला धाकटी आली होती. वाटेत तिने माझा हात धरला आणि मी तो सोडवून घेतला. बाबांचा मला तितका राग आला नाही, त्यांचा निकाल मी स्टुलावर बसायचे तेव्हाच लागलेला आहे. राग आला तो तिचा. तिला काय गरज होती खरं बोलायची? ती गप्प राहिली असती तर सासूबाईंचा तो फोटो वर्षभर काचेत राहिला असता. तिच्या नावावर राहिला असता, पण राहिला असता, आणि पेणला गेले की मला रस्त्यात चारचौघांत उभं राहून तो बघता आला असता.